कार्बन कमी आला म्हणून लगेच पुन्हा स्फटिकीकरणाला बसू नका

मिथेनॉलमधून आलेले कॉपर(२)चे स्फटिक गाळल्यावर तासाभरात धुरकट होतात, एक्स-रे रचना छान सुटली, पण मूलद्रव्यांची टक्केवारी मोजणाऱ्या एलिमेंटल अ‍ॅनालिसिसमध्ये कार्बन दोन टक्के कमी. तुमचं हे वाचलं आणि माझं पीएचडीचं दुसरं वर्ष आठवलं. लिगंड (धातूला जोडला जाणारा रेणू) बनवणं, स्फटिक वाढवणं हे तुम्हाला येतंच, ते सोडून देते.

माझा अहवाल एका ओळीचा होता: नमुना अशुद्ध. मी तो खरा मानला. पाच महिने तेच संयुग पुन्हा पुन्हा स्फटिकवलं, लिगंड नव्याने केला, कॉपरचं मीठ बदललं. दर वेळी आकडे वेगळे आणि चुकीचेच. मग कळलं की त्या विश्लेषण केंद्रात प्रत्येक नमुना आधी रात्रभर निर्वातात तापवतात आणि नंतर तो उघड्यावर रांगेत पडून राहतो. ना अर्जात उल्लेख, ना अहवालात. मी विचारलं नाही ही माझी चूक, पण एक ओळ लिहायला त्यांना काय जड होतं? अजून राग येतो.

स्फटिकाच्या जाळीतलं मिथेनॉल निघून गेलं होतं आणि त्याच्या जागी हवेतलं पाणी आलं होतं. कॉपर(२)च्या अक्षीय म्हणजे वरखालच्या जागा यान-टेलर परिणामामुळे (आयनाभोवतीची रचना ताणली जाऊन तिथले बंध लांबतात) सैल असतात. मोरचुदातच बघा, भोवतालचं पाणी साधारण १.९५ अँगस्ट्रॉमवर, तर वरखालचे सल्फेटचे ऑक्सिजन २.४ च्या आसपास. तिथे पाहुणे येतात-जातात.

टीजीएवर (नमुना तापवत नेताना वजन किती घटतं ते मोजणं) एकट्यावर विसंबू नका, मी फसले होते. एक मिथेनॉल ३२, दोन पाणी ३६. रेणुभार ४०० च्या घरात असेल तर घट ७.४ की ८.३ टक्के, एवढाच फरक. कार्बनचा आकडा मात्र खरं सांगतो: मिथेनॉल कार्बन घेऊन येतं, पाणी नाही. तुमचा कार्बन एक-दोन पाण्याचे रेणू धरून जुळतो का, हे आजच कागदावर करून बघा. (जुळला तरी तेवढ्यावर सूत्र छापू नका, हायड्रोजन-नायट्रोजनही बसले पाहिजेत. तुमचा लिगंड मला माहीत नाही, त्यामुळे माझं निदान चुकूही शकतं.)

एक्स-रेसाठी स्फटिक मूळ द्रावणातच ठेवा, तिथून थेट तेलात. पावडर पॅटर्न (स्फटिकांच्या भुकटीचा एक्स-रे आलेख) केशनळीत ओलाच घ्या आणि रचनेवरून काढलेल्या पॅटर्नशी ताडा. रचना १०० केल्विनला मोजली असेल तर काढलेली शिखरं जरा मोठ्या कोनावर दिसतील, घाबरू नका. अ‍ॅनालिसिससाठी उलटं करा: नमुना वजन स्थिर होईपर्यंत स्वतः सुकवा, बंद कुपीत पाठवा, आणि 'वाळवू नये' असं अर्जावर ठळक लिहा.

एक शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. काउंटर-आयन (कॉपरचा धन भार तोलणारा ऋण आयन) कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. आयआर (अवरक्त) वर्णपटात १०९० सेमी⁻¹ च्या आसपास रुंद पट्टा असेल आणि तो परक्लोरेटचा असेल, तर सुकवायला अजिबात तापवू नका, खरवडू नका, एका वेळी थोडंच करा. ही मिठं स्फोट करतात.