व्यावसायिक नाटकात रंगमंच व्यवस्थापकाने कोणते कागद ठेवावेत? निरोप नेमके कुठे चुकतात?

कागद कमी असले तरी चालतील. पण उद्या तुम्ही तापाने पडलात, तर दुसऱ्या माणसाला त्यांवरून प्रयोग काढता आला पाहिजे. आपल्याकडे प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) कुठे लागते, म्युझिक कुठे पडतं, हे सगळं माणसांच्या डोक्यात असतं. 50 प्रयोग ते बिनबोभाट चालतं. 51व्याला बदली माणूस येतो आणि नायिका टेबलाचा खण उघडते तेव्हा आत पत्रच नसतं.

आधी हद्द आखून घ्या. तारखा, भाडं, तिकीटविक्री, नाइट (कलाकारांचं दर प्रयोगाचं मानधन), रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हे सूत्रधाराकडे, म्हणजे नाटकाचा व्यवहार सांभाळणाऱ्या माणसाकडे. पडदा आणि त्यामागचं सगळं तुमच्याकडे. बसची वेळ मात्र दोघांनाही विचारली जाते. दोघांनी पाच मिनिटांच्या फरकाने उत्तर दिलं की कलाकार सोयीचं ते धरतात. वेळ एकाच्याच फोनवरून जाईल, असं पहिल्याच दिवशी ठरवा.

व्हॉट्सॲपवर ‘उद्या’ हा शब्द लिहूच नका. रात्रीचा प्रयोग संपवून 12.40 ला ‘उद्या 9 ला बस’ लिहिलं तर ते आजचं की उद्याचं? वार, तारीख, सकाळ की रात्र, ठिकाण, चारही हवं. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि तिथे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करा. वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली वेळेतला बदल हमखास बुडतो. अंगठा म्हणजे पोच नव्हे. वेळ बदलली तर प्रत्येकाला फोन.

सगळ्यात जास्त मेहनत प्रयोगाच्या वहीवर घ्या. संहिता एका बाजूला छापायची, समोरचं पान कोरं, लिहायचं पेन्सिलने. क्यू म्हणजे लाइट किंवा म्युझिक बदलण्याची खूण. लाइटचे क्यू आकड्यांत (1, 2, 3) आणि म्युझिकचे अक्षरांत (क, ख, ग). दोन्हीकडे आकडे असले की ‘पाच’ ऐकून दोघेही बटण दाबतात. मध्ये नवा क्यू आला तर 12.5 करा, पुढचे सगळे नंबर बदलायला जाल तर ऑपरेटरच्या कागदाशी मेळ तुटतो. ‘तयार’ हा इशारा ऑपरेटरला क्यूच्या साधारण अर्धं पान आधी द्यायचा. क्यू सोडताना नंबर आधी, ‘गो’ शेवटी: ‘लाइट 14... गो’. एरवी इंटरकॉमवर ‘गो’ हा शब्द कोणीच उच्चारायचा नाही. आणि क्यू हालचालीवर असेल तर ‘दार लागल्यावर’ असंच लिहा. वाक्य लिहिलंत तर कलाकार ते गाळेल त्या दिवशी अंधार होणार नाही.

इंटरकॉम सगळीकडे मिळत नाही. ऑपरेटरपाशी दोन छोटे दिवे ठेवा: लाल म्हणजे तयार, हिरवा म्हणजे गो. वॉकीटॉकी वापरलात तर इअरफोन लावूनच, नाहीतर तुमचा ‘गो’ पहिल्या रांगेला ऐकू जातो. मोबाइलवर विसंबू नका, ऐन वेळी दुसरा कॉल येतो.

‘डावी विंग’ (रंगमंचाची डावी बाजू, जिथून कलाकार आत-बाहेर जातात) कोणाची डावी? प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या कलाकाराची. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा आणि नवा माणूस आला की वाचून दाखवा.

दुपारी 4 ला एक नाटक, रात्री 8.30 ला दुसरं, अशा नाट्यगृहात जमिनीवरच्या खुणा टिकत नाहीत. म्हणून मापं कागदावर: ‘सोफ्याचा पुढचा पाय मध्यरेषेपासून डावीकडे 4 फूट, दर्शनी पडद्यापासून आत 7 फूट’. दोन मापं असली की जागा पक्की होते. रंगमंच अरुंद असेल तिथे काय आत सरकवायचं आणि काय वगळायचं, हे नेपथ्यकाराला आधीच विचारून खाली लिहून ठेवा. पुढच्या नाटकाचा टेम्पो दारात उभा असताना असले निर्णय धड होत नाहीत.

प्रॉपर्टीच्या यादीत वस्तू, विंग, आत कोण नेतो, बाहेर कोण आणतो आणि शेवटी कुठे ठेवतो, असे पाच रकाने करा. चौथा रकाना सगळेच गाळतात. चष्मा, किल्ली, पाकीट कलाकाराच्या खिशातून मेकअप रूममध्ये जातं आणि तिथेच राहतं. रंगमंचावर फाडायची पत्रं, खायचे पदार्थ यांची यादी वेगळी. पत्राच्या निदान 10 प्रती पेटीत हव्यात. मांडणी पूर्ण झाली की प्रत्येक टेबलाचा वरून एक फोटो घ्या.

प्रयोगाचा अहवाल त्याच रात्री, एका पानात: पडदा उघडल्याची वेळ, उशिराचं कारण, दोन्ही अंकांची मिनिटं, काय तुटलं, कोण आणि कधीपर्यंत दुरुस्त करणार. घड्याळ रोज तेच वापरा. पहिला अंक 58 वरून हळूहळू 64 मिनिटांवर गेला, तर दिग्दर्शकाला ते तुमच्या आकड्यांवरूनच कळेल. ‘अमुक वाक्य विसरला’ असं न लिहिता ‘पान 31 ते 33 गळलं, क्यू 22 सोडला नाही’ एवढंच लिहा. आणि कोणाला लागलं, चक्कर आली, कोणी औषध घेतलं, हे ग्रुपवर नाही. ते फक्त निर्मात्याला, वेगळं.