फॅट लागत नाही म्हणून भरडा वाढवू नका

दादा, तुमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय दिवसाला १८ लिटर दूध देते, फॅट मात्र २.८ च्या वर जात नाही. म्हणून तुम्ही अंबोण (भरड्याचा खुराक) १० किलोवर नेले आणि आता शेण पातळ पडते आहे. आमच्या गोठ्यातही असेच घडले होते. फॅट ३.५ च्या खाली गेले की दर कापणाऱ्या संकलन केंद्रानेच आम्हाला भरडा वाढवायला सांगितले. वैरण कोणती आणि किती, हे कोणीही विचारले नाही. पोती मात्र तिथूनच घ्यायची आणि पैसे बिलातून वळते व्हायचे. फॅट आणखी उतरले, गाय खुरांनी अधू झाली आणि ते वेत वाया गेले. शेतकऱ्याला असा सल्ला देणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाईची वैरण कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातले, जीवाणू पचवतात. कडब्यातील तंतूंपासून ते मुख्यतः ॲसिटिक आम्ल तयार करतात आणि दुधातील फॅटचा मोठा भाग त्यातूनच बनतो. भरड्यातल्या मक्याचे पिष्ट (स्टार्च) झपाट्याने आंबते. ते बेताचे असेल तर दूध वाढते, पण अति झाले की कोटीपोटाचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली जातो, म्हणजे आम्लता वाढते, आणि तंतू पचवणारे जीवाणूच मंदावतात. ही आम्लता मोडणारा सोडा गाईच्या लाळेत असतो. मोठी गाय दिवसाला १०० लिटरहून अधिक लाळ गाळते, मात्र त्यासाठी तिने रवंथ केला पाहिजे, आणि भरड्याला रवंथ लागत नाही.

शेण चाळणीत धुऊन पाहा. मक्याचे कण आणि फेस दिसला, तर पोटात आम्ल वाढल्याची शंका घ्यायला जागा आहे. अंबोण हळूहळू उतरवा, ते तीन-चार वेळांत विभागून द्या आणि त्याआधी कडबा खाऊ घाला. कुट्टी फार बारीक करू नका, कारण भुग्यासारख्या कुट्टीने रवंथ होत नाही. मी पशुवैद्यक नाही, त्यामुळे खाण्याच्या सोड्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. गाईने रवंथ पूर्ण थांबवला किंवा ती उठेनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्यांना बोलवा.

आणखी एक, लग्नसराईत उरलेला भात आणि पोळ्या प्रेमाने गाई-शेळ्यांपुढे ओतल्या जातात. त्यानेही हेच होते, फक्त काही तासांत, आणि जनावर दगावू शकते.