योशिनोच्या यामाझाकुरासाठी शहरातील बहराचा अंदाज धरू नये

तोक्योत साकुरा (जपानी चेरीची झाडे) फुलल्याची बातमी येताच, मार्चअखेरीस नारा प्रांतातील योशिनो डोंगरावर खोली घ्यावी का, हा आपला प्रश्न वाचून माझा जुना मनस्ताप आठवला. व्हिसा, रेल्वे वगैरे आपण पाहिलेच असेल; मी केवळ झाडांविषयी लिहितो.

बातमीतला बहर बहुतेक ठिकाणी सोमेइ योशिनो या जातीचा असतो. जपानचे हवामान खाते नेमलेल्या झाडावर पाच-सहा फुले उमलली की बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. ही जात कलमांनीच वाढवलेली असल्यामुळे एका परिसरातील झाडे जवळजवळ एकदमच फुलतात. योशिनोवर मुख्यतः असलेला यामाझाकुरा मात्र साकुराचेच डोंगरातील रानझाड आहे. ते बीपासून उगवते आणि शेजारच्या दोन झाडांचाही रंग व मुहूर्त जुळेलच असे नाही. शिवाय त्याची तांबूस कोवळी पालवी फुलांबरोबरच येते, तेव्हा पाने पाहून बहर सरला असे कृपया समजू नये. सोमेइ योशिनोच्या नावात योशिनो असले तरी ती जात एदो (आजचे तोक्यो) शहरालगतच्या सोमेइ गावातील माळ्यांनी पसरवलेली आहे.

नेमका हाच फरक एका माहिती केंद्राला (नाव घेत नाही) ठाऊक नव्हता. यामाझाकुराविषयी स्पष्ट विचारूनही तेथे शहरांच्या अंदाजांचा छापील तक्ता पुढे करण्यात आला. डोंगरावरची स्थिती विचारली, तर पुन्हा तोच तक्ता. त्यांची अदब अप्रतिम होती, माहिती कुचकामी. त्या भरवशावर घेतलेली खोली रद्द करता येत नव्हती, आणि वर पोहोचलो तेव्हा कळ्या घट्ट मिटलेल्या होत्या. पर्यटकांसाठीच उघडलेल्या केंद्राने डोंगराला एक फोन करू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

योशिनोवर सुमारे ३०,००० झाडे आहेत. शिमो, नाका, कामी आणि ओकु सेनबोन अशा चार टप्प्यांनी बहर खालून वर चढतो. सर्वसाधारण वर्षी एप्रिलच्या आरंभी खाली आणि महिन्याच्या मध्यास किंवा त्यानंतर अगदी वर. उबदार वर्षी खालचा टप्पा मार्चअखेरीसही फुलतो, म्हणून हमी मी देणार नाही. तरीही माझ्या मते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासची तारीख धरावी, म्हणजे एखादा टप्पा चुकला तरी चढून किंवा उतरून दुसरा गाठता येतो. खोली रद्द करता येणारीच घ्यावी, थोडी महाग पडली तरी. आणि निघण्यापूर्वी योशिनोतील स्थानिक लोक टप्प्याटप्प्याने देतात तीच बहराची माहिती पाहावी.