विमा नाही म्हणता, पण रेशन कार्ड कुठंय?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले, भात आणि थोडा काजू आहे. गेल्या श्रावणात बाबांना पहाटे छातीत दुखायला लागलं, गाडी करून बेळगावला एका प्रायव्हेट हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरच्या पोरानं विचारलं इन्शुरन्स आहे काय, मी म्हटलं नाही, तर लगेच पन्नास हजार डिपॉझिट भरायला लावले. एक स्टेंट टाकला, चार दिवसांत 1 लाख 85 हजार बिल झालं. दोन म्हशी विकल्या, बायकोचं गंठण सोसायटीत ठेवलं. नंतर गावातला एकजण म्हणाला, तुमचं बीपीएल कार्ड आहे की, मग पैसे का भरलात? हे पैसे परत मिळतील काय? आता आईच्या पित्ताशयात खडे निघालेत, ऑपरेशनला साठ-सत्तर हजार सांगतायत. पाहुणे म्हणतात महाराष्ट्राचं कार्ड काढा, कोल्हापूरला फुकट होतंय. काय करू?

उत्तर : दादा, पैशाचं आधी सांगते, कारण तुमचा जीव तिथंच अडकलाय. परत मिळणं अवघड आहे, जवळजवळ नाहीच म्हणा. बीपीएल कार्डावरची सरकारी उपचार योजना कॅशलेस आहे, म्हणजे पेशंट ॲडमिट असतानाच योजनेतल्या हॉस्पिटलातला आरोग्यमित्र कार्ड बघून कॉम्प्युटरवर मंजुरी घेतो आणि पैसे सरकारी ट्रस्टकडून थेट हॉस्पिटलला जातात, आपण नंतर पावत्या घेऊन गेलो तर त्या भरून देण्याची सोय त्यात नाही. कार्ड दाखवूनसुद्धा त्यांनी रोख घेतले असते तर 104 या आरोग्य हेल्पलाइनवर तक्रार करता आली असती, पण तुमचं कार्ड त्यांनी मागितलंच नाही आणि तुम्ही दाखवलंच नाही.

मला राग येतो तो त्या एका शब्दाचा. पोरानं विचारलं "इन्शुरन्स", तुम्ही खरं तेच सांगितलंत. आपल्याकडं इन्शुरन्स म्हणजे घरी येणारा एजंट आणि वर्षाचा हप्ता, रेशन कार्ड म्हणजे तांदूळ. ते कार्ड बिस्किटाच्या डब्यात लाइट बिलाच्या खाली पडून असतं आणि महिन्यातनं एकदा अंगठा लावायला बाहेर निघतं. पण 2018 पासून कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे, त्यात बीपीएल कार्डावर सगळ्या कुटुंबाला मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. हार्ट अटॅकसारखी इमर्जन्सी असली तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा लागत नाही. माझ्या मामांच्या वेळी आम्हीपण असंच शहाणपण केलेलं, कार्ड घरात आणि आम्ही एटीएमच्या लाइनीत, म्हणून तुम्हाला नावं ठेवायचा मला हक्क नाही.

आणि एक, देव करो नि वेळ न येवो, पण परत कुणाच्या छातीत दुखलं तर आधी आपल्या तालुका हॉस्पिटलात फोन करून विचारा. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमारांच्या नावाची हृदय ज्योती योजना आहे, त्यात बऱ्याच तालुका हॉस्पिटलांत ईसीजी काढून रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन फुकट देतात. बाहेर तेच इंजेक्शन कित्येक हजारांना पडतं.

बिलाचंही बघा. "पॅकेज" अशी एकच ओळ असेल तर फोड करून मागा. स्टेंटची किंमत सरकारनं फेब्रुवारी 2017 मध्ये बांधून दिली, औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा 29,600 रुपये आणि वर टॅक्स, आता ती चाळीस हजारांच्या आसपास आहे, आणि बिलात स्टेंट वेगळा, कंपनीच्या नावासकट दाखवावा लागतो. डिस्चार्जच्या फायलीत बारकं स्टिकर चिकटवलेलं असेल, त्यावरचा नंबर बिलाशी ताडून बघा. फरक निघाला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली खासगी दवाखान्यांच्या तक्रारी ऐकणारी समिती असते, डीसी ऑफिसात लेखी अर्ज द्या. इमर्जन्सीत आधी डिपॉझिट मागायला कायद्यानं मनाई आहे, हेपण त्यातच लिहा. किती हाताला लागेल सांगता येत नाही, पण अर्ज करायला काय जातंय.

आता आई. हे काम घाईचं नाही ना? पोट सारखं दुखत असेल, ताप असेल, डोळे पिवळे दिसत असतील तर मात्र थांबू नका, सरळ सिव्हिल गाठा. तसं काही नसेल तर प्रायव्हेटात तारीख घ्यायच्या आधी रेशन कार्ड, आधार आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन बेळगावच्या सिव्हिलला, म्हणजे बिम्सला, सकाळी लवकर ओपीडीत जा. खड्यांचं ऑपरेशन तिथं होतं. तिथं जमण्यासारखं नसेल तर ते रेफर करतात, ती चिठ्ठी घेऊनच योजनेतल्या प्रायव्हेटात जायचं. चिठ्ठीशिवाय गेलात तर परत डिपॉझिटच. लाइन मोठी असते, तारीख पुढची मिळते, आणि फॉर्म कन्नडमध्ये असतात, तर सही करायच्या आधी कन्नड येणारं कुणीतरी सोबत न्या, तुमच्या पोरांना शाळेत कन्नड असेलच की.

कोल्हापूरचं पाहुणे खोटं सांगत नाहीत. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरनं दोन्ही सरकारांत वादही झाला. तुमचं गाव यादीत आहे का, कागद कुठले लागतील, हे त्या योजनेच्या 155388 हेल्पलाइनवर विचारा, आणि ज्या हॉस्पिटलात जायचंय तिथल्या आरोग्यमित्राशी बोलूनच गाडी ठरवा. कुणी कार्ड काढून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. माझं मत विचाराल तर आधी सिव्हिल बघा, कोल्हापूरला जायचं-यायचं भाडं आणि सोबत्याचं राहणं-जेवण यातच पाच-सहा हजार जातात.

प्रश्न : आमचं कार्ड एपीएल आहे. आम्हाला काहीच नाही का? (निपाणी)

उत्तर : आहे, पण कमी. वर सांगितलेल्या आरोग्य कर्नाटक योजनेतच पॅकेजच्या 30 टक्के सरकार देतं, वर्षाला दीड लाखापर्यंत. हे 30 टक्के योजनेच्या दराचे, हॉस्पिटलच्या बिलाचे नव्हेत, त्यामुळं हातात अपेक्षेपेक्षा कमी पडतं. पीकेपीएस, म्हणजे गावची शेती पत सोसायटी, किंवा दूध सोसायटीचे मेंबर असाल तर सेक्रेटरीला यशस्विनी या सहकारी मेंबरांच्या आरोग्य योजनेचं विचारा. मधे 2018 ला ती बंद पडली होती, 2022 ला परत सुरू झाली, खेड्यातल्या चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 500 रुपये आणि कव्हर 5 लाख. नाव घालायची मुदत ठरावीक महिन्यांतच असते, सेक्रेटरी लोक सांगायचं विसरतात, तुम्हीच मागं लागा. आरोग्य विम्याची वैयक्तिक पॉलिसी घेत असाल तर सप्टेंबर 2025 पासून तिच्यावर जीएसटी नाही, पण आधीचा आजार असला तर त्याच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तो लपवू मात्र नका, नाहीतर क्लेमच्या वेळी हप्ते गेले आणि पैसेही गेले.

खानापूरवाल्या दादांना जाता जाता, आईचं नाव रेशन कार्डावर आणि आधारवर एकच आहे का ते आजच बघून घ्या. आपल्याकडं एकीकडं लक्ष्मव्वा आणि दुसरीकडं लक्ष्मीबाई असतं, आणि तेवढ्यावरनं माणूस काउंटरवरनं परत येतो. वेगळं निघालं तर आधी ते दुरुस्त करून घ्या, मग सिव्हिलला जा.