उंदराच्या पाठीवर माणसाची त्वचा, आणि माळकरी घरातली लेक

पत्र : माझी मुलगी सोलापुरात टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी. कॉलेजात एका व्याख्यानात तिने उंदराच्या पाठीवर माणसाची त्वचा लावल्याची छायाचित्रं पाहिली. तेव्हापासून 'मला हेच करायचंय' म्हणते. आमचं घर माळकरी. घरात उंदीर झाला तरी आम्ही पिंजऱ्यात धरून शिवाराच्या कडेला सोडतो. या कामात नोकरी आहे का, आणि आमच्या मुलीने असलं काम करावं का, दोन्ही सांगावं. बी.एड. करून तिने शाळेत लागावं असं माझ्या मनात आहे.
– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, मंगळवेढा तालुका

(पत्राच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात : 'मॅडम, पत्र टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. तिथे गेल्यावर मला रडू येईल अशी भीती वाटते. तरी जावं का?' ही ओळ मी मुलीला विचारूनच इथे देते आहे.)

गुरुजी, नमस्कार.

नोकरीच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देऊन टाकते. 'उंदरावर त्वचा लावण्यासाठी उमेदवार हवा' अशी जाहिरात निघत नाही. हे एक तंत्र आहे, गवंड्याच्या हातातल्या थापीसारखं. थापी चालवता येते म्हणून कुणी आपल्याला घर बांधायला देत नाही. घर कुणाचं आणि कशासाठी, ते आधी ठरावं लागतं. तुमच्या लेकीला जे आवडलं ते छायाचित्र आहे. त्यामागचा आजार कोणता, हे तिने अजून ठरवलेलं नाही. भाजलेली माणसं, सोरायसिस (त्वचेवर लाल, खवलेदार चट्टे उठवणारा आजार), न भरणाऱ्या मधुमेहाच्या जखमा, त्वचेचा कर्करोग, यातलं काहीतरी तिला निवडावं लागेल. करिअर त्या निवडीतून उभं राहतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

छायाचित्रातला उंदीर तुमच्या शिवारातला नाही. जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा, अंगावर केस नसलेला, गुलाबी. 1962 साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अशी बिनकेसांची पिल्लं आपसूक जन्माला आली. 1968 मध्ये लक्षात आलं की त्यांच्या छातीत थायमस ही ग्रंथीच नाही. थायमस म्हणजे शरीरातल्या टी-पेशींची शाळा. परकं काही अंगात शिरलं तर ते ओळखून हाकलायचं, हे शिक्षण या पेशींना तिथे मिळतं. शाळाच नाही, म्हणून परकी त्वचा नाकारायला कुणी तयारच होत नाही. उंदराला भूल देऊन पाठीवरचा नाण्याएवढा भाग काढतात आणि तिथे माणसाच्या त्वचेचा तुकडा बसवतात. वर ड्रेसिंग बांधतात, वेदनाशामक देतात. दोन-तीन आठवड्यांत रक्तवाहिन्या जुळतात आणि तुकडा रुजतो. आंब्याचं कलम तुम्ही बांधलं असेल, तर यापेक्षा जास्त समजवायची गरज नाही.

माणसाची त्वचा येते कुठून? बहुतेक वेळा पोटाची चरबी कमी करण्यासारख्या शस्त्रक्रियेत जी त्वचा नाहीतरी टाकूनच दिली जाणार असते, ती रुग्णाची लेखी संमती घेऊन वापरतात. (सायनच्या रुग्णालयात किंवा ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये मरणोत्तर त्वचादान होतं. ती त्वचा भाजलेल्या रुग्णांसाठी असते. दोन्हींची गल्लत नको. आमच्या सोसायटीत या गैरसमजापायी एका आजोबांनी त्वचादानाचा अर्ज परत घेतला होता.)

मग उंदराच्याच त्वचेवर अभ्यास का करत नाहीत? कारण ती माणसासारखी वागत नाही. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो. जखम झाली की तो कातडी ओढून घेतो आणि जखम बटव्याच्या तोंडासारखी मिटते. आपली जखम मुख्यतः खालून भरत आणि कडेने नवी त्वचा पसरत बरी होते. उंदराच्या जखमेवर गुणकारी ठरलेलं मलम माणसाच्या जखमेवर फसतं, त्याचं एक कारण हे आहे. सोरायसिस तर उंदरांना आपोआप होतच नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोरायसिसच्या रुग्णांची वरवर निरोगी दिसणारी त्वचा प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या दुसऱ्या एका जातीच्या उंदरांवर लावली होती. काही आठवड्यांत तिच्यावर सोरायसिस उमटला, बाहेरून काहीही न टोचता. रोगाला चेतवणाऱ्या पेशी त्या 'चांगल्या' त्वचेतच दबा धरून होत्या, हे रुग्णाच्या अंगावर प्रयोग न करता कळलं.

पण गुरुजी, ज्या गोष्टीमुळे या कामाबद्दल माझं मत बनलं ती बोस्टनची आहे. संशोधक हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड यांनी 1975 मध्ये माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायची रीत शोधली. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून चादरीएवढी त्वचा. पण बशीतली ती पातळ साय अंगावर टिकेल का, हे कुणाला माहीत होतं? 1980 मध्ये ग्रीन यांच्या गटाने ती बिनथायमसच्या उंदरांवर लावली. तिचे नीट थर बनले, ती टिकली. मग माणसांवर वापर सुरू झाला. 1983 मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले दोन भाऊ, पाच आणि सहा वर्षांचे, 95 टक्क्यांहून जास्त भाजले. अंगावर दुसरीकडून काढून लावायला त्वचाच उरली नव्हती. काखेतल्या छोट्या तुकड्यांपासून वाढवलेल्या त्वचेने त्यांच्या शरीराचा जवळपास निम्मा भाग झाकता आला.

हे सांगून तुमची बाजू खोडून काढायचा माझा हेतू नाही. मधल्या पायरीवर उंदीर होता आणि तो मेला, हेही त्या गोष्टीत आहे. तुमच्या मनातली कुरकुर कायद्यालाही मान्य आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, हल्ली तिला सीसीएसईए म्हणतात. असे प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला स्वतःची एथिक्स कमिटी ठेवावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, आणि वैज्ञानिक नसलेला, समाजाची जाण असलेला एक सदस्यही असावाच लागतो. 'एवढे उंदीर कशाला? निम्म्यात भागणार नाही का? बशीत करता येणार नाही का?' हे विचारायची जबाबदारी त्याचीही असते. तुमच्यासारखा माणूस त्या खुर्चीवर बसावा असं मला मनापासून वाटतं.

'बशीत करता येणार नाही का' हा प्रश्न त्वचेच्या बाबतीत फार जवळचा आहे. 2014 पासून भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आहे. एखादं रसायन त्वचेला झोंबतं का, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी बाह्यत्वचेवर तपासायची आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली पद्धत आहे. 2023 मध्ये आपल्या औषधचाचणीच्या नियमांतही प्राण्यांऐवजी पेशी, ऊतकं, चिपवरचे अवयव (छोट्या चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची नक्कल) वापरायची सोय झाली. म्हणजे त्वचेवर संशोधन करायचं आणि उंदराला हात लावायचा नाही, ही वाट खरी आहे आणि रुंद होते आहे. मात्र बशीतल्या तुकड्याला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे काही प्रश्न तिथे अडतात. शिवाय ग्रीन यांच्या त्या बशीत माणसाच्या पेशींना आधार म्हणून उंदराच्याच पेशींचा थर होता. सोवळं पूर्ण पाळता येईल असं हे क्षेत्र नाही, एवढं मान्य करूनच आत शिरावं.

आता लेकीशी बोलते.

अगं, तू रडशील. मी औषधनिर्माणशास्त्राची. प्रात्यक्षिकात पहिल्यांदा उंदीर हातात घेतला तेव्हा त्याची थरथर तळहाताला कळली आणि माझे डोळे भरून आले. मी पुढे ती शाखा घेतली नाही. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा जास्त रडली होती, ती आज एका प्राणीगृहाची प्रमुख आहे. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात वेदनेने कुबड काढून बसलेला उंदीर तिला सगळ्यांच्या आधी दिसतो. तेव्हा रडण्यावरून काही ठरवू नकोस.

व्याख्यानात कदाचित सांगितलं नसेल ते मी सांगते. प्रयोग संपला की उंदीर मारतात. वेदना होऊ नये अशा ठरलेल्या पद्धतीने, पण मारतात, आणि कधीतरी ते तुला स्वतःच्या हाताने करावं लागेल. बाकी दिवस छायाचित्रासारखे मुळीच नसतात. या उंदरांची प्रतिकारशक्ती फार दुबळी, म्हणून अन्न, पाणी, खालचा भुस्सा, सगळं निर्जंतुक करून द्यायचं. हवा गाळून सोडलेले पिंजरे, अंगावर गाऊन, मास्क, दोन-दोन हातमोजे. रोज वजन, रोज नोंद, दिवाळीच्या पाडव्यालाही. या जातीच्या माद्यांना पिल्लं नीट पाजता येत नाहीत, म्हणून पैदास करताना माद्या केसाळ, म्हणजे त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असलेल्या घ्याव्या लागतात. असल्या बारीकसारीक गोष्टींत रस वाटला तर तू टिकशील. नाही वाटला तर त्वचेच्या पेशी वाढवणारी प्रयोगशाळा तुझ्यासाठी बरी. तिथे मायक्रोबायोलॉजीवाल्यांना पहिल्या दिवसापासून एक गोष्ट येते, आणि ती म्हणजे हात स्वच्छ ठेवून काम करणं.

वाट अशी. आता एम.एस्सी. त्यासाठी गॅट-बी (जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा), आयआयटी जॅम किंवा विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा. मग नेट किंवा आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा आणि पीएच.डी. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि घरभाडं, नंतर 42,000. पाचेक वर्षं याच्यात जातात, हे गुरुजींनी लक्षात घ्यावं. त्यापुढे संशोधन संस्था, औषधकंपन्यांची संशोधन केंद्रं, प्राध्यापकी. आपल्या राज्यात खारघरचं टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक, पुण्याचं पेशीविज्ञानाचं केंद्र एनसीसीएस, परळची आयसीएमआरची प्रजननस्वास्थ्य संस्था, या ठिकाणी चांगली प्राणीगृहं आहेत. पशुवैद्यक पदवीवाल्यांना प्राणीगृहात मान आणि मागणी दोन्ही असतात, पण त्यासाठी मागे फिरून 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देण्याचा सल्ला मी तुला देणार नाही.

बी.एड.चं दार एम.एस्सी.नंतरही उघडंच राहतं, गुरुजी. ते आत्ताच लावून घेऊ नका, आणि तिला आत्ताच त्यातून ढकलूही नका.

निर्णय मात्र छायाचित्रावरून नको. तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, तिचा अर्ज भर. गाईड निवडताना त्वचा, जखम किंवा प्रतिकारशक्तीवर काम करणारे निवड. दोन महिन्यांत प्राणीगृह आतून बघायला मिळालं तर प्राध्यापकांशी बोलशीलच, पण पिंजरे धुणाऱ्या मावशींशी किंवा काकांशीही अर्धा तास बोल. कुठला विद्यार्थी रविवारी येतो आणि कुठला येत नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आणखी एक, हे गुरुजींनीच कळवावं. तिला लहानपणी दमा होता का? घरात कुणाला आहे का? उंदराच्या मूत्रातल्या प्रथिनाची ॲलर्जी या कामात बऱ्याच जणांना होते आणि तिच्यातून दमा बळावतो. असं काही असेल तर फॉर्म भरायच्या आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि ते काय म्हणाले ते मला लिहा.