वाचकांचे प्रश्न : पुरामुळे मतदान थांबलं तर?

प्रश्न : मतदान चालू असताना केंद्रात पुराचं पाणी शिरलं, तर निवडणूक रद्द होते का? सकाळी दिलेलं मत वाया जातं का?

उत्तर : दोन्ही होत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१च्या कलम ५७नुसार नैसर्गिक आपत्तीमुळे मतदान घेणं अशक्य झालं, तर ते त्या केंद्रापुरतं तहकूब होतं. केंद्राध्यक्ष हा निर्णय जागेवरच घेऊ शकतात; मात्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना तो लगेच कळवावा लागतो. पावसाची एखादी सर हे त्यासाठी पुरेसं कारण नाही.

तहकुबी जाहीर झाली, की मतदान संपल्यावर करतात ते सगळं करायचं: नोंदलेल्या मतांचा हिशेब नमुना १७कमध्ये लिहायचा, यंत्र आणि कागदपत्रं मोहोरबंद करायची. पुढची तारीख, वेळ, जागा निवडणूक आयोगाच्या मंजुरीने ठरते. त्या दिवशी यंत्र नवीन येतं, पण खुणा केलेली मतदार यादी आणि नमुना १७अची (कोणी मत दिलं त्याची) नोंदवही आधीचीच. ज्यांनी मत दिलंय, त्यांना पुन्हा देता येत नाही. पाणी चढत असताना यंत्राइतकीच ही नोंदवही जपायला हवी, ती याचसाठी. आणि या एका केंद्राचं मतदान पुरं होईपर्यंत अख्ख्या मतदारसंघाची मोजणी थांबते!

यंत्रच वाहून गेलं किंवा निकाल कळणार नाही इतकं बिघडलं, तर मात्र कलम ५८ लागू होतं. आयोग त्या केंद्राचं मतदान रद्दबातल ठरवून फेरमतदान घेऊ शकतो. मग सगळेच नव्याने मत देतात. पहिली शाई तर्जनीवर असते, म्हणून या वेळी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात.

प्रश्न : मोठी आपत्ती आली तर सरकार लोकसभेची निवडणूक वर्षभर लांबवू शकतं का?

उत्तर : आपत्तीच्या कारणावरून नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८३नुसार पाच वर्षं पूर्ण झाली की लोकसभा विसर्जित होते. आणीबाणी चालू असतानाच संसद कायदा करून ही मुदत वाढवू शकते, तीही एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. पण अनुच्छेद ३५२ची आणीबाणी युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड यांसाठीच आहे. पूर, भूकंप, साथ त्यात बसत नाहीत. आमच्या मते हे कुंपण फार मोलाचं आहे.

निवडणूक पुरी करण्याची मुदत मात्र लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १५३खाली आयोग वाढवू शकतो. २६ मार्च २०२०चं राज्यसभेचं मतदान कोविडमुळे असंच लांबलं आणि १९ जूनला झालं.