टॅक्सीवाल्याला दिलेले वरचे पैसे: टीप, बक्षीस की चहापाणी?

वाशीच्या एका वाचकभगिनीने विचारलं आहे: "एका टॅक्सीसेवेच्या पडद्यावरचा मजकूर मराठीत करते आहे. चालकाला खुशीने जादा पैसे देण्याचं एक बटण आहे, त्यावर काय लिहू? सासरे म्हणतात 'बक्षीस' लिही. मुलगी म्हणते, त्यात मालक-नोकर असल्यासारखं वाटतं. 'चहापाणी' सुचलं, पण त्याला लाचेचा वास येतो. 'टीप' लिहिलं तर तळटीप वाटते."

मुलीचं म्हणणं मला पटतं. पण 'बक्षीस' हा शब्द वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. फारसीतला हा शब्द मराठीत मुरला तो देणारा वर आणि घेणारा खाली या मांडणीसह. 'जीव बक्षला' असं आपण म्हणतो तेव्हा जीव घेण्याची ताकद असलेला माणूस समोर असतो. शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलाला बक्षीस मिळतं, तिथेही पाहुणे मंचावर असतात. कायद्याच्या भाषेत तर हा अर्थ आणखी घट्ट झाला आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे बक्षीस म्हणजे स्वेच्छेने आणि कोणत्याही मोबदल्याशिवाय केलेलं मालमत्तेचं हस्तांतरण. टॅक्सीवाल्याने पावसात गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी आणली, आजीच्या दोन पिशव्या जिन्यापाशी ठेवल्या, म्हणून आपण वीस रुपये देतो. त्यामागे केलेलं काम आहे आणि आपण ते पाहिलं आहे. त्याला 'बक्षीस' म्हटलं की काम पुसलं जातं आणि उरतो तो आपला मोठेपणा.

'चहापाणी' मात्र इतक्यात सोडू नका. या शब्दाला लाचेचा वास येतो हे खरं, पण तो सगळीकडे येत नाही, आणि कुठे येतो हे मराठीचं व्याकरण फार नेमकेपणाने सांगतं. "चहापाण्याला घ्या" म्हणतो तो देणारा, बहुधा काम झाल्यावर. "चहापाण्याचं बघा" म्हणतो तो मागणारा, काम अडवून धरून. शब्द तोच, पण '-ला' लागला की ती आपुलकी होते आणि '-चं' लागलं की चिरीमिरी. क्रियापदही पाहा: 'घ्या' मध्ये हात पुढे होतो, 'बघा' मध्ये फाईल मागे ओढली जाते. म्हणून हमालाला, सामान चढवून देणाऱ्याला, रात्री उशिरा थांबून राहिलेल्या चालकाला "चहापाण्याला ठेवा" म्हणण्यात गैर काही नाही. बटणावर मात्र प्रत्ययासकट अख्खं वाक्य मावत नाही आणि नुसतं 'चहापाणी' लिहिलं की वाचणारा आपल्या मनातला प्रत्यय लावतो. मजकुरासाठी तो शब्द नको, हे तुमचं बरोबर आहे.

दिवाळीचे पैसे वेगळे. वॉचमन, पोस्टमन, शाळेत मुलांना सोडणारे रिक्षावाले काका यांना जे देतो त्याला जुना शब्द 'पोस्त'. आता आपल्याकडे बरेच जण नुसतं 'दिवाळी' म्हणतात: "काकांना दिवाळी दिली का?" ते वर्षभराच्या ओळखीचं देणं आहे. ज्याचं तोंड पुन्हा दिसेल न दिसेल अशा टॅक्सीवाल्याला ते लागू नाही.

आता मला खरं सांगायचं आहे ते असं. आपल्या ठाणे-नवी मुंबईत या देण्याला नाव नव्हतंच, आणि तरीही भाषेत त्याची उत्तम सोय होती. ती सोय म्हणजे "राहू द्या".

इथे भाडं मीटरवर चालतं किंवा शेअर रिक्षात सीटमागे ठरलेलं असतं, त्यामुळे हिशोबाने टीप द्यायची पद्धत कधी रुजली नाही. जे काही वर जायचं ते सुट्या पैशांच्या निमित्ताने. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१ रुपये झालं. हे आकडे नीट पाहा. दोन्ही गोल रकमेच्या एक रुपया पुढे आहेत. त्या एका रुपयावर रोज नाक्यानाक्यावर केवढा संवाद होतो! रिक्षातला प्रवासी तीस देतो, चालक चिल्लर शोधायला लागतो, प्रवासी म्हणतो, "राहू द्या." तसंच उलटंही होतं. प्रवाशाकडे पंचवीसच सुटे असतात, वरचा रुपया सापडत नाही, आणि चालक म्हणतो, "राहू द्या, चालेल."

दोन्ही बाजूंनी तेच दोन शब्द. 'बक्षीस' असं उलटं फिरत नाही. चालकाने प्रवाशाला रुपया बक्षीस दिला, असं वाक्यच होत नाही. 'राहू द्या' मध्ये देणारा आणि घेणारा कोणी उरतच नाही. पैसे जिथे आहेत तिथे राहतात, आपण फक्त ते परत मागत नाही. ही समपातळी मला फार मोलाची वाटते. आणि तिच्यातलं 'द्या' महत्त्वाचं आहे. आपल्याहून वयाने मोठ्या चालकाला "राहू दे" म्हणून पाच रुपये सोडणं, यात पैसे पोचतात पण मान पोचत नाही. 'अरे रिक्षा' अशी हाक मारून शेवटी दहा रुपये वर देणाऱ्यापेक्षा, 'काका' किंवा 'दादा' म्हणून मीटरप्रमाणे चोख पैसे देणारा मला अधिक सभ्य वाटतो.

मात्र चालकाने निघण्यापूर्वीच "मीटरच्या वर पन्नास लागतील" म्हटलं, तर त्याला यातला कुठलाही शब्द लावू नये. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंतचं पंचवीस टक्के जादा भाडं नियमातलं आहे, ते भाडंच. त्यापलीकडची मागणी ही मागणीच. तिला टीप म्हणणं म्हणजे खुशीने देणाऱ्यांचा शब्द बिघडवणं.

मग बटणाला नाव का हवं झालं? यूपीआय २०१६ साली आलं, आणि हळूहळू सुट्या पैशांचा प्रश्न मिटला. स्कॅन केलं की बरोबर २६ रुपये जातात. वरचा रुपया अडत नाही, त्यामुळे 'राहू द्या' म्हणायची वेळच येत नाही. आता कोणाला जादा द्यायचे तर तसा आकडा मुद्दाम टाकावा लागतो, न बोलता. तोंडी व्यवहाराला क्रियापद पुरत होतं, पडद्याला नाम लागतं. तुमची अडचण तिथून आली आहे.

अशा ठिकाणी 'टीप' लिहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तळटीप, शिवणाची टीप, टिपेचा सूर, पोलिसांना मिळालेली टीप, इतके अर्थ हा शब्द आधीच वाहतो आणि आपण कुठेही गोंधळत नाही, कारण आजूबाजूचे शब्द अर्थ सांगतात. म्हणून बटणावर एकटं 'टीप' नको, 'चालकाला टीप' लिहा. चतुर्थीचा प्रत्यय लागला की तळटीप आपोआप बाजूला होते. शिवाय या शब्दाला जुन्या मानपानाचं ओझं नाही. लोकांच्या तोंडी तो आहेच.

एक गोष्ट मजकुराच्या कक्षेबाहेरची वाटेल, पण ती शब्दाच्या अर्थाशीच जोडलेली आहे. हे बटण प्रवास संपल्यावर दिसणार असेल तरच 'टीप' म्हणा. गाडी मिळण्याआधीच "जादा रक्कम टाका, गाडी लवकर मिळेल" असं कोणी सुचवत असेल तर ती बोली झाली, लिलावात लावतात तशी. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आगाऊ टिपेवरूनच उबरला नोटीस पाठवली होती. तुमच्या पडद्यावर तसं काही असेल, तर तिथे 'जादा भाडे' असे शब्द घाला आणि वरिष्ठांना कारण सांगा.

लेखनाबद्दल: शब्द दीर्घ 'टी' ने लिहा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे मराठीत, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले तर, अकारान्त शब्दातला उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार दीर्घ असतो. बाहेरून आलेले 'गरीब', 'वकील' हेही तसेच लिहितो. अनेकवचनात आणि प्रत्यय लागताना तो ऱ्हस्व होतो: टिपा, टिपेची रक्कम.  पावतीवर 'टिपेची रक्कम' लांबट वाटत असेल तर भाड्याच्या ओळीखाली नुसतं 'चालकाला टीप' आणि समोर आकडा पुरे.